पिंग फास्ट, कॉपी स्लो

मंडळी, ज्यांनी कधी घरात दोन कॉम्प्युटर आणि एक पाच पोर्टचा स्विच जोडून फायली इकडून तिकडे पाठवल्यात, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पिंग केलं तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. शेअर केलेला फोल्डरही दिसतो. पण ७०० एमबीची फाईल ओढायला घेतली की संपलं! १०० एमबीपीएसवर जे काम मिनिट-सव्वा मिनिटात व्हायला हवं, ते आपण जेवून आलो तरी चालूच. मग व्हायरस, फायरवॉल, विंडोज, सगळ्यांना शिव्या घालून होतात. खरा गुन्हेगार बरेचदा या सगळ्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असतो, आणि त्याची कुळकथा १९७३ पासून सुरू होते.

त्या वर्षी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफने इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्जच्या जोडीने ती उभी केली. प्रेरणा होती हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओ नेटवर्कची. केबल एकच, सगळ्यांची सामायिक. बोलण्याआधी ऐका. कोणी बोलत नसेल तर बोला. दोघं एकदम बोललात तर दोघांनीही गप्प बसा आणि आपापला थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करा. या टकरीलाच म्हणतात कोलिजन.

१९९० मध्ये टेन-बेस-टी आलं, म्हणजे टेलिफोनसारखी पिळाची वायर. त्यात जायची आणि यायची जोडी वेगळी. पण मधला हब एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकवायचा, त्यामुळे 'एका वेळी एकच' हा नियम कायम राहिला. हे हाफ डुप्लेक्स. पुढे हबच्या जागी स्विच आले, प्रत्येकाला स्वतःचा रस्ता मिळाला, आणि बोलणं-ऐकणं एकाच वेळी जमू लागलं. हे फुल डुप्लेक्स. मग समोरचा जुना की नवा हे ओळखायचं कसं? त्यासाठी १९९५ च्या ८०२.३यू या मानकात ऑटो-निगोशिएशन आलं. दोन्ही टोकं बारीक पल्सच्या झुबक्यांतून आपली कुवत एकमेकांना सांगतात आणि दोघांना जमेल ते सर्वात चांगलं ठरवतात.

आता खरी मेख. एका टोकाला कोणी हाताने '१०० फुल' असं पक्कं करून ठेवलं, तर ते टोक सहसा वाटाघाटीच करत नाही. समोरच्या 'ऑटो' टोकाला सिग्नलवरून स्पीड कळतो, पण डुप्लेक्स कळत नाही. अशा वेळी हाफ धरावं असा नियम आहे. बऱ्याच लोकांना हा मूर्खपणा वाटतो. मला तो अगदी शहाणपणाचा वाटतो. गप्प बसणारा समोरचा बहुधा जुना हबच असणार, आणि हबवर फुल डुप्लेक्सने बोलणारा एक जण बाकी सगळ्यांची वाट लावतो.

पण समोर हब नसतो ना! समोर असतो हट्टाने '१०० फुल' करून ठेवलेला पीसी. तो न ऐकता बोलतो, कारण त्याला ऐकायची गरजच नाही. हाफवाला स्विच बोलत असताना पीसीकडून काही आलं, की स्विच म्हणतो टक्कर झाली आणि अर्ध्यातच थांबतो. पीसीच्या हाती तुटकी फ्रेम, म्हणजे सीआरसी एरर. पहिल्या ६४ बाइट्सनंतर टक्कर झाली तर ती 'लेट कोलिजन', आणि तेव्हा बहुतेक हार्डवेअर ती फ्रेम सरळ टाकून देतं. मग हरवलेलं शोधायचं काम टीसीपीवर, आणि तो टाइमआउट होईपर्यंत वाट बघत बसतो. पिंग मात्र यातून सुटतं: आधी प्रश्न, मग उत्तर, दोघं एकदम कधी बोलतच नाहीत. फाईल कॉपीत एकीकडून डेटा आणि दुसरीकडून त्याच्या पोचपावत्या एकाच वेळी येत असतात. म्हणून पिंग पास, कॉपी नापास :)

लोक असं पक्कं का करून ठेवायचे? त्यालाही कारण होतं. सुरुवातीच्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचं आणि स्विचचं ऑटोवर नीट जमत नसे. ऑफिसातले अ‍ॅडमिन वैतागून दोन्ही टोकं हाताने बांधायचे, आणि ते बरोबरच होतं. तीच युक्ती अर्धवट होऊन घरी पोचली. घरगुती साध्या स्विचला सेटिंगच नसतं, तो कायम ऑटो. म्हणजे पीसीवर '१०० फुल' केलं की घोटाळा ठरलेलाच. दोस्तमंडळींच्या घरी मी असे दोन-तीन पीसी तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पुन्हा ऑटोवर आणून दिलेत. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी 'स्पीड वाढवायला' ते केलेलं होतं!

१९९९ मध्ये तांब्याच्या वायरवरचं गिगाबिट आलं, तेव्हा ८०२.३एबीने ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच केलं. तिथे कुठल्या टोकाचं घड्याळ पाळायचं हेही वाटाघाटीतच ठरतं, त्यामुळे ती टाळून चालतच नाही. तरी १०० चं पोर्ट असलेला एखादा जुना प्रिंटर किंवा पीसी घरात असेल आणि फाईल रांगत असेल, तर केबल बदलून बघितल्यावर आधी हे सेटिंग बघा. लिनक्सवर ईथटूल एका ओळीत सांगतं.