जपानी स्वच्छतागृह : संकोच, सोय आणि शिस्त

जपानमधील सार्वजनिक स्वच्छतागृहांत शौचकुपांचे दोन प्रकार आढळतात. 'वाशिकी' म्हणजे उकिडवे बसण्याचे जपानी पद्धतीचे, तर 'योशिकी' म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे कमोड. वाशिकी भांडे भारतीय भांड्याप्रमाणेच जमिनीत बसवलेले असते. मात्र त्याच्या एका टोकाला घुमटीसारखा आडोसा असून त्याकडे तोंड करून बसावे लागते. वृद्धांच्या गुडघ्यांना कमोड सोयीचे असल्याने जुनी भांडी हळूहळू बदलली जात आहेत. तरीही परक्याने वापरलेल्या आसनाला अंगाचा स्पर्श नको, म्हणून वाशिकी पसंत करणारेही आहेत.

'तोतो' कंपनीने १९८० मध्ये 'वॉशलेट' बाजारात आणले. कोमट पाण्याचा फवारा आणि गरम होणारे आसन या त्याच्या सोयी. सर्व खोल्या उबदार ठेवण्याची पद्धत नसलेल्या जपानी घरांत, कडाक्याच्या थंडीत, हे आसन चैन न राहता गरज ठरले आणि पुढे ते स्थानके व दुकानांतही पोहोचले.

जपानी संकोचाचा खरा प्रत्यय येतो तो 'ओतोहिमे' या उपकरणातून. शौचाचा आवाज शेजारी ऐकू जाऊ नये, म्हणून अनेक स्त्रिया पुन्हा पुन्हा फ्लश करीत आणि त्यात पुष्कळ पाणी वाया जाई. त्यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये तोतोनेच वाहत्या पाण्याचा केवळ आवाज काढणारे हे यंत्र आणले. लोकांची लाज न मोडता पाणी वाचवण्याची ही युक्ती होती.

या बटणांच्या गर्दीत परदेशी पाहुणा मात्र गोंधळून जाई. प्रत्येक उत्पादकाची चिन्हे निराळी असल्याने फ्लशऐवजी भलतेच बटण दाबले जाई. अखेर जानेवारी २०१७ मध्ये उत्पादकांनी आठ समान चिन्हे निश्चित केली.

यंत्राने सर्व साधत नाही. घरात शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात. त्या घालून दिवाणखान्यात येणे अशिष्ट मानले जाते. वापरलेला टॉयलेट पेपर टोपलीत न टाकता भांड्यातच सोडायचा असतो. अनेक ठिकाणी हात पुसण्यास कागद नसल्याने स्वतःचा हातरुमाल जवळ ठेवावा लागतो. बऱ्याच शाळांत स्वच्छतागृहे विद्यार्थीच झाडतात-पुसतात.

टोकियोच्या शिबुया भागात २०२० ते २०२३ या काळात नामवंत वास्तुरचनाकार व अभिकल्पकांनी सतरा सार्वजनिक स्वच्छतागृहे नव्याने उभारली. त्यांपैकी शिगेरू बान यांच्या दोन स्वच्छतागृहांच्या भिंती पारदर्शक काचेच्या असून, आतून कडी लावताच त्या अपारदर्शक होतात. आत शिरण्यापूर्वीच जागा स्वच्छ व रिकामी असल्याची खात्री पटावी, हा त्यामागील हेतू. विम वेंडर्स यांच्या 'परफेक्ट डेज' (२०२३) या चित्रपटाचा नायक मात्र हीच स्वच्छतागृहे रोज घासणारा कामगार आहे. काच कितीही चतुर असली, तरी ती स्वच्छ दिसते ती त्याच्यासारख्यांच्या हातांमुळे आणि नंतर येणाऱ्याचे भान ठेवणाऱ्या वापरकर्त्यामुळे.