पेटीतली ओल

माझा पहिला हर्मिट क्रॅब बुरशीने मेला नाही. मी बुरशी घालवायला गेलो, त्यात तो मेला.

मे महिना होता. गोंदियात त्या दिवसांत पारा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि हवा तव्यासारखी कोरडी असते. शंखात राहणारे हे दोन खेकडे मी पुण्याहून आणले होते. जमिनीवर राहत असले तरी ते श्वास घेतात कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले असतील तरच ते काम करतात. त्यामुळे काचेच्या पेटीतली हवा सतत दमट, साधारण ८० टक्के आर्द्रतेची ठेवावी लागते. मी झाकण घट्ट लावून रोज पाणी फवारत होतो. आठवड्याभरात लाकडाच्या तुकड्यावर पांढरा कापूस उगवला, मग आंब्याच्या फोडीवर हिरवट डाग पडले. मी घाबरून रात्रभर झाकण उघडं ठेवलं. बुरशी सुकली. दोन दिवसांनी लहान खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन निपचित पडलेला दिसला.

खेकड्याला जगवते तीच ओल बुरशीलाही लागते. एकाला ठेवून दुसरीला हाकलणारं बटण नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे असं बटण नाही हे पटायला मला वेळ लागला. दुसरा खेकडा जूनमध्ये कात टाकायला वाळूत खोल शिरला. या काळात त्याचं अंग मऊ असतं, त्याला उकरून काढलं तर तो मरू शकतो. वर पाऊस सुरू झाला, पेटीत बुरशी परत आली, आणि आता वाळू बदलणं, पेटी धुणं, औषध मारणं, काहीच शक्य नव्हतं. रोवणीच्या दिवसांत अख्खा जिल्हा चिखलात उतरलेला असताना मी काचेला नाक लावून बंद पेट्यांचा इतिहास वाचत बसलो.

त्या इतिहासाची सुरुवात एका बाटलीपासून होते. १८२९ साली लंडनच्या ईस्ट एंडमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटलीचं तोंड बंद केलं. त्याला पतंग बाहेर येताना बघायचा होता. त्याआधी मातीतून एक नेचा आणि थोडं गवत वर आलं. कोळशाच्या धुरामुळे त्याच्या बागेत नेचे जगत नव्हते, इथे मात्र न लावलेला नेचा वाढत होता. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं आणि परत खाली उतरायचं. ती झाडं पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं जगली. शेवटी झाकण गंजलं, आत पावसाचं पाणी गेलं आणि ती कुजली.

वॉर्डने मग मोठ्या काचपेट्या बनवल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला गेल्या आणि आतली झाडं जिवंत पोचली. तोवर लांबच्या समुद्रप्रवासात खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने बहुतेक रोपं मरत असत. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहा आणला तो याच पेट्यांतून. चहाचं बी प्रवासात खराब होई, म्हणून त्याने पेटीतल्या तुतीच्या रोपांमधल्या मातीतच बी पेरलं, आणि ते वाटेत उगवलं. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमच्या मोहिमेतून सिंकोना निलगिरीत आला, तोही असाच. आपल्या सकाळच्या कपाचं या खोक्याशी नातं आहे.

पण पेटीत रोपाबरोबर माती येते, आणि मातीत काय आहे याची यादी कोणी करत नाही. वॉर्डच्या बाटलीत नेचा आला होता. इतर पेट्यांतून किडे, अंडी आणि बुरशीचे बीजाणूही समुद्र ओलांडत होते. देशोदेशींच्या सरकारांना हे उशिरा कळलं. भारतात १९१४ साली विनाशकारी कीटक आणि रोगांविरुद्ध कायदा झाला, आणि बाहेरून येणाऱ्या रोपांवर नजर ठेवायला सुरुवात झाली.

इथवर वाचून मला वाटलं, म्हणजे माती हीच गुन्हेगार. पण माझ्या पेटीत माती नव्हतीच. दुकानातली धुतलेली वाळू आणि विटेसारखा दाबलेला नारळाचा भुसा होता. मग बुरशी इतकी का माजली?

याचं उत्तर मला आपल्याच राज्यात, पिंपरीत सापडलं. तिथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. काम होतं पेनिसिलिन बनवायचं, म्हणजे बुरशीच वाढवायची. त्यासाठी मोठाल्या टाक्या वाफेने निर्जंतुक करतात, आत गाळलेली हवा सोडतात आणि बुरशीला एकटीला राज्य देतात. दुसरा एखादा जिवाणू शिरला तर घाण वाया जाते.

त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले सूक्ष्मजीव तपासत होते. त्यातल्या एका जिवाणूपासून १९६० च्या दशकात हॅमायसिन हे बुरशी मारणारं औषध निघालं. जिवाणूला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, गावावरून. पुढे पिकांवरच्या बुरशीसाठी तिथूनच ऑरिओफंजिन आलं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तोही मुख्यतः याच स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंचा. म्हणजे मातीत बुरशी असते, आणि बुरशीचे वैरीही तिथेच राहतात.

माझी चूक मला आता दिसली. स्वच्छतेच्या नादात मी पिंपरीची टाकी बनवली होती. दमट, उबदार, खायला फळाची फोड आणि स्पर्धेला कोणीच नाही. तिथे बुरशी माजणार नाही तर काय.

लोणच्याच्या बरणीवर पांढरी आली तर आजी वरचा थर अलगद काढते, बरणी ढवळत नाही. मी तेच केलं. चमच्याने वरची बुरशी काढली, बुरसलेलं लाकूड बाहेर काढून उकळलं, उरलेलं खाणं रोज संध्याकाळी उचलायला लागलो. मग परसात, जिथे कधी फवारणी होत नाही तिथल्या ओल्या विटांखालून, बोट लावलं की गोळी होणारे करडे किडे आणले, आणि कुजक्या पानांतले उड्या मारणारे इवलेसे पांढरे कीटक. हे दोघेही बुरशी आणि कुजलेलं खातात. दोन आठवड्यांत कापूस विरळ झाला. तो पूर्ण गेला नाही, आणि जायला नकोच होता. तोच तर त्यांचा चारा.

जमिनीवरच्या या खेकड्यांच्या कुळाला लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने सीनोबिटा हे नाव दिलं, तेही १८२९ सालीच. अर्थ साधारण असा: मठात इतरांसोबत राहणारा. इंग्रजीत त्याला एकांतवासी म्हणतात, पण किनाऱ्यावर हे प्राणी घोळक्याने राहतात. पाळीव पेट्यांतल्या खेकड्यांची पैदास जवळजवळ होतच नाही. म्हणजे माझे दोघेही कुठल्यातरी किनाऱ्यावरून, घोळक्यातून उचललेले. ही गोष्ट मी आधी वाचली असती तर ते घेतलेच नसते. आता नवा आणणार नाही.

ऑगस्टमध्ये एका रात्री वाळू हलली. तो वर आला, फिकट, नव्या कवचाचा. पाण्याच्या वाटीकडे जाताना वाटेत एक करडा किडा गोळी होऊन बसला होता. त्याला वळसा घालून तो पुढे गेला.