तीन सिलिंडरांचे दोन संसार

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली एका ग्राहकाच्या हाती ठेवली. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली ती चिमुकली मोटार पुढची तीस वर्षे भारतीय मध्यमवर्गाची गाडी म्हणून ओळखली गेली. जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेवरोलेच्या विक्रेत्यांकडे ‘स्प्रिंट’ नावाची अशीच एक छोटी गाडी दाखल झाली. तिचेही इंजिन तीनच सिलिंडरांचे, मात्र ९९३ सीसीचे. १९८९ पासून या गाडीची पुढची पिढी ‘जिओ मेट्रो’ या नावाने विकली जाऊ लागली. मारुती आणि मेट्रो, दोघींचे माहेर एकच: जपानमधील हमामात्सु येथील सुझुकी कंपनी. एक लेक भारतात दिली, दुसरी अमेरिकेत. पहिली घरात आली तेव्हा पेढे वाटले गेले. दुसरीची आयुष्यभर चेष्टा झाली.

माझ्याकडे १९९३ सालची मेट्रो आहे आणि ती आजही चालते, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण एका गाडीचे कौतुक करण्यासाठी हा लेख नाही. एकच गुण एका देशात प्रतिष्ठेचा आणि दुसऱ्या देशात थट्टेचा का ठरतो, आणि काटकसर नेमकी कुठे असते, गाडीत की ती राखणाऱ्या माणसात, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडण्यासारखा आहे.

आधी माहेराविषयी. सुझुकीची सुरुवात १९०९ साली कापड विणण्याचे माग बनवणाऱ्या कारखान्याने झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान सरकारने अगदी छोट्या मोटारींचा एक वेगळा वर्ग ठरवून त्यांना करात सवलत दिली. या वर्गातल्या इंजिनाची मर्यादा बरीच वर्षे ३६० सीसी होती. १९७६ मध्ये ती ५५० सीसी झाली. एवढ्याशा इंजिनाने चार माणसे ओढायची, तर प्रत्येक ग्रॅम आणि प्रत्येक थेंब मोजावा लागतो. सुझुकीचे इंजिनिअर या शिस्तीत तयार झाले. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने सुझुकीचे सुमारे ५ टक्के भाग विकत घेतले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी सुझुकीचा करार झाला. म्हणजे दोन्ही सोयरिकी फार अंतराने जुळलेल्या नाहीत. दोघींची इंजिने मात्र एकच नव्हती. मारुतीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, मेट्रोचा ॲल्युमिनियमचा. पण घराण्याचे वळण तेच. १९९० साली आलेली मारुती १००० ही तर मेट्रोच्याच पिढीतल्या सुझुकी कल्टसची सेडान होती.

भारतात मारुती आली तेव्हा गिऱ्हाइकापुढे निवड अशी नव्हतीच. ॲम्बेसेडर किंवा वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट पाहायची. मोटार मिळाली की ती आयुष्यभर पुरवायची. त्यामुळे मोटार राखणे ही आपल्याकडे एक संस्कृतीच झाली होती. प्लग घासायचे, पॉइंट साफ करायचे, सायलेन्सरला वेल्डिंग मारून आणायचे, आणि मिस्त्री हा घरच्या वैद्याइतकाच जवळचा माणूस. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून, निवृत्त झाली. तिचा कारखाना बंद पडून तेव्हा दोन दशके उलटली होती. मधली सगळी वर्षे तिला टॅक्सीवाल्यांनी आणि मिस्त्र्यांनी जगवले.

आता अमेरिकेकडे येऊ. इथल्या छोट्या गाडीची पत्रिका तेलाने लिहिली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या कायद्यावर सही केली. डिसेंबर १९७५ मध्ये आणखी एक कायदा झाला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या मोटारींची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल असली पाहिजे, असे बंधन त्यातून आले. सरासरी वर आणायची तर यादीत काही अतिशय काटकसरी गाड्या हव्यात. मोठ्या कंपन्यांना छोट्या गाडीत रस वाटण्यामागे हा हिशेबही होता.

याच काळात आपली मंडळी इथे आली. १९६५ च्या कायद्यापूर्वी भारतातून स्थलांतर करणाऱ्यांचा कोटा वर्षाला केवळ १०० होता. नवा कायदा १९६८ मध्ये पूर्णपणे अमलात आला आणि इंजिनिअर, डॉक्टर, विद्यार्थी येऊ लागले. त्यांतल्या अनेकांची पहिली गाडी जुनी, छोटी आणि कुणाकडून तरी हातोहात घेतलेली होती. मित्राने विचारलेला पहिला प्रश्नही ठरलेला: “ॲव्हरेज किती देते?” हा शब्दप्रयोग आपण तिकडून आणला. इंग्रजीत कुणी असे विचारत नाही, हे इथे वाढलेल्या मुलांनी आपल्याला पुढे हसत हसत सांगितले.

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मेट्रोकडे होते. १९९० मध्ये आलेल्या तिच्या ‘एक्सएफआय’ प्रकाराला सरकारी चाचणीत शहरात ५३ आणि महामार्गावर ५८ मैलांचा आकडा मिळाला होता. आपल्या भाषेत लिटरला साडेबावीस ते साडेचोवीस किलोमीटर. त्यासाठी कोणतीही जादू नव्हती. गाडी हलकी, चाके १२ इंची, गिअर लांब पल्ल्याचे आणि ताकद ५५ ऐवजी ४९ अश्वशक्तीवर आणलेली. या गाड्या कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, इंगरसोल येथे जनरल मोटर्स आणि सुझुकी यांच्या संयुक्त कारखान्यातही बनत.

पण तोवर तेल पुन्हा स्वस्त झाले होते. १९९८ च्या अखेरीस पेट्रोल गॅलनला डॉलरच्या आसपास मिळत होते. शिवाय कायद्यात एक फट होती: ‘हलके ट्रक’ या वर्गासाठी सरासरीचे बंधन बरेच सैल, गॅलनला सुमारे २०.७ मैल एवढेच होते, आणि नव्याने लोकप्रिय झालेल्या एसयूव्ही त्याच वर्गात बसत. रस्ते उंच गाड्यांनी भरले. त्यांच्यात मेट्रो खेळण्यासारखी दिसे. शाळेच्या दारात अशा गाडीतून उतरताना मुलांना संकोच वाटे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. २००१ नंतर ती बनणे थांबले. तिच्यात बिघाड नव्हता. तिची गरज कुणाला वाटेनाशी झाली होती.

इथे तिच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. हलकी गाडी जड गाडीवर आदळली तर हलकीतल्या माणसांना जास्त मार बसतो. भौतिकशास्त्राशी भांडता येत नाही. मेट्रोला पुढच्या दोन्ही बाजूंच्या एअरबॅग १९९५ पासून मिळाल्या, माझ्या गाडीच्या नंतर. म्हणून मी ती महामार्गावर नेत नाही. वाचनालय, भाजी आणि पोस्ट एवढीच तिची फेरी. तसेच कमी पेट्रोल पिणारी गाडी आपोआप स्वच्छ धूर सोडते असेही नाही. भारतात मोठ्या शहरांत २०१० साली प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, तेव्हा मारुती ८०० ची विक्री तिथे थांबवावी लागली.

तरीही ही गाडी तीस वर्षे चालू कशी राहते? तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोध लावणाऱ्यांचा लिहिला जातो. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हा दृष्टिकोन उलटा केला. वस्तू कोण वापरतो, कोण दुरुस्त करतो, कोण राखतो, याकडे त्याने लक्ष वेधले. मेट्रोच्या बाबतीत ही राखण अगदी ठोस आहे. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर बदलायचा. धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारा मार्ग काजळीने बुजतो, तो खरवडून साफ करायचा. नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, आणि तीनपैकी एक सिलिंडर गेला की एक तृतीयांश इंजिन गेले. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या की तेल कमी होते, म्हणून तेलाची पट्टी पाहत राहायची. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावरचे मीठ दाराखालचा पत्रा खाते, तो हिवाळ्यात वरचेवर धुवायचा. १२ इंची टायर तर आता दुकानात दिसणेच दुर्मीळ. ट्रेलरला लावायचे टायर त्या मापाचे मिळतात, पण ते माणसे बसणाऱ्या गाडीसाठी नसतात.

या राखणीचे सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे वही. दर वेळी टाकी भरली की तारीख, मैल, गॅलन आणि पैसे लिहायचे. माझ्या वहीत मेट्रोचा आकडा उन्हाळ्यात ४५ च्या आसपास आणि कडक थंडीत ४० असतो. एका मे महिन्यात तो ३८ वर आला. गाडीच्या चालण्यात काही जाणवत नव्हते, पण वही सांगत होती. पाहिले तर पुढच्या एका चाकाचा ब्रेक अर्धवट धरून राहिला होता. चाक गरम होऊन वास येण्याच्या आधी वहीने तो पकडला.

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेले आणि जिची थट्टा होत होती तिला अचानक मागणी आली. जुन्या मेट्रो किंमत-पुस्तिकेतल्या भावापेक्षा कितीतरी चढ्या दराने विकल्या गेल्या. २००९ मध्ये सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्यासाठी अनुदान दिले आणि पावणेसात लाखांहून अधिक गाड्यांची इंजिने मुद्दाम निकामी करण्यात आली. अनुदानासाठी मोटारीचा आकडा १८ मैल किंवा त्याहून कमी असण्याची अट होती, त्यामुळे मेट्रो त्यात बसलीच नाही. त्या अटीमागचा हिशेब बरोबर होता. वर्षाला १०,००० मैल धरले, तर १५ वरून २० मैलांवर गेल्याने १६७ गॅलन वाचतात. ४० वरून ५० वर गेल्याने फक्त ५०. खरी बचत मोठ्या गाडीला आवर घालण्यात असते. पुढे पेट्रोल उतरले आणि मेट्रोची मागणीही ओसरली.

या साऱ्या कहाणीतून मला एक गोष्ट दिसते. टंचाई आली की समाज काटकसरी गाडी विकत घेतो आणि टंचाई सरली की ती विकून टाकतो. विकत घेतलेली काटकसर भावावर अवलंबून असते. कुर्ल्याच्या पद्मिनीला, मारुतीला आणि इथल्या मेट्रोला जगवणारी काटकसर हाताला लागलेल्या सवयीची होती. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. हार वर्षातून एकदा, तेल वर्षातून दोन-तीनदा. दोन्ही मिळून ती पूजा पुरी होते. तुमची गाडी विजेवर चालणारी असली तरी टायरची हवा आणि ब्रेक कुणाला तरी पाहावेच लागतात.

शेवटी तरुण वाचकांना एक विनंती. आपल्या पहिल्या पिढीतली माणसे आता मोठी घरे विकून लहान घरांत जात आहेत. गॅरेज रिकामे होत आहे आणि ग्लव्ह कंपार्टमेंटमधल्या, रबर बँड लावलेल्या वह्या कचऱ्यात जात आहेत. त्यांत पेट्रोलचे त्या त्या वर्षीचे भाव आहेत, नोकरीच्या मुलाखतीला केलेले प्रवास आहेत, दुसऱ्या राज्यातल्या गणपतीला गेल्याचे मैल आहेत, आणि आई-बाबांचे अक्षर आहे. आपल्या समाजाच्या या देशातल्या पहिल्या वर्षांची इतकी रोजची, इतकी खरी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. ती वही टाकू नका. फराळाला जमाल तेव्हा ती समोर ठेवा आणि विचारा: पहिली गाडी कोणती, केवढ्याला घेतली, बंद पडली तेव्हा कोण धावून आले. उत्तरे त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवा. आणि हो, ॲव्हरेज किती देत होती, तेही विचारा.