लस आणि संशय

मराठी भाषेंत एका भयंकर रोगालाच 'देवी' असें नांव पडलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या संकटापुढें मनुष्याचा उपाय चालत नाहीं, त्यापुढें तो हात जोडतो. कालांतरानें उपाय सांपडला, तेव्हां त्यालाही लोक 'देवी टोंचणें', 'देवी काढणें' असेंच म्हणूं लागले. रोगाची भीति आणि उपायाची भीति एकाच शब्दांत नांदूं लागल्या. नागपुरास सीताबर्डीच्या किल्ल्याखालीं जी गजबजलेली पेठ आहे, तेथील आई आज तान्ह्या मुलास लस टोंचण्यासाठीं नेते, तेव्हां तिच्या मनांत ही जुनी भीति नव्या रूपानें उभी राहते. लसीमुळें मूल स्वमग्न तर होणार नाहीं ना, हा तो प्रश्न होय. त्याचें उत्तर समजून घेण्यासाठीं लसीवरील संशयाचा इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

जेन्नरनें इंग्लंडांत १७९६ सालीं गाईच्या देवीची लस टोंचून दाखविली. ती व्हिएन्ना, बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील हा पहिला यशस्वी प्रयोग. त्या काळीं एका मुलाच्या दंडावरील फोडांतील लस दुसऱ्याच्या दंडावर न्यावी लागे. परक्याच्या अंगांतील द्रव आपल्या लेकराच्या अंगांत जावा, हें लोकांस रुचलें नाहीं. आणि त्यांचा संशय सर्वस्वीं खोटा नव्हता, कारण या रीतीनें दुसरे रोग पसरण्याचा धोका होता. पुढें वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धति आली आणि तो दोष दूर झाला. १९७७ सालीं भारत देवीच्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें.

संशयाची दुसरी कसोटी प्लेगाच्या काळांत लागली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यावर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत साथ आली, तेव्हां राजी असलेल्या कैद्यांस लस देण्यांत आली. लस न घेतलेल्यांपैकीं १२ जण आजारी पडून ६ दगावले. घेतलेल्यांपैकीं दोघेच आजारी पडले व दोघेही वांचले. दोन समूह शेजारीं ठेवून तुलना करावी, ही रीत अशी रूढ होऊं लागली. ही साथ पुढें नागपुरांतही पोंचली, डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचे आईवडील तिलाच बळी पडले.

१९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांस ही लस टोंचली, आणि त्यांतील १९ जण धनुर्वातानें मेले. सारा दोष हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांस पदावरून दूर करण्यांत आलें. परंतु ते १९ जण एकाच बाटलींतून लस घेतलेले होते. ती बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातांतील चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, असें निष्पन्न झालें. रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत ही बाजू मांडली आणि हाफकीन निर्दोष ठरले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचेंच नांव मिळालें. अपघात खरा होता, मृत्यु खरे होते. पण कारण लसींत नव्हतें, हाताळणींत होतें.

आतां स्वमग्नतेचा प्रश्न. १९९८ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अवघ्या १२ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि गोंवर, गालफुगी व रुबेला यांच्या एकत्रित लसीकडे बोट दाखविलें. स्वमग्नतेचीं लक्षणें पुष्कळदां दीड-दोन वर्षांच्या सुमारास आईबापांच्या ध्यानांत येतात, आणि ही लस त्याच्या थोडी आधीं दिलेली असते. म्हणून 'लसीनंतर' घडलें तें 'लसीमुळें' घडलें, असें दुःखी मनास वाटणें स्वाभाविक होतें. परंतु लिओ कॅनर यांनीं स्वमग्न मुलांचें वर्णन १९४३ सालींच ११ मुलांच्या आधारें केलें होतें, आणि गोंवराची लस १९६३ पर्यंत निघालीच नव्हती.

तरीही शास्त्रज्ञांनीं प्रश्न झटकून टाकला नाहीं. डेन्मार्कमध्यें ५ लाख ३७ हजार मुलांची नोंद तपासून २००२ सालीं, आणि ६ लाख ५७ हजार मुलांची तपासून २०१९ सालीं, असा निष्कर्ष निघाला कीं लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचें प्रमाण अधिक नाहीं. जपानचें उदाहरण तर विशेष बोलकें आहे. तेथें गालफुगीच्या घटकामुळें मेंदूच्या आवरणास सूज येते असें आढळलें, म्हणून १९९३ सालीं एकत्रित लस बंद करण्यांत आली. खरा दोष दिसतांच शास्त्रानें तो मान्य केला. पण लस बंद झाल्यावरही योकोहामांत स्वमग्नतेचें प्रमाण वाढतच राहिलें. लस कारण असती तर तें घटावयास हवें होतें. लसींतील पाऱ्याच्या संयुगाविषयींही हेंच दिसलें: डेन्मार्कांत १९९२ सालीं तें काढून टाकल्यावरही आंकडे खालीं आले नाहींत.

इकडे ब्रायन डीअर या पत्रकारानें मूळ लेखाचा पाठपुरावा केला. लस उत्पादकांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांस पैसा मिळत होता, आणि मुलांच्या नोंदी लेखांत बदलल्या होत्या, हें उघड झालें. २०१० सालीं 'लॅन्सेट'नें तो लेख मागें घेतला व त्याच वर्षीं वेकफील्ड यांचें नांव वैद्यांच्या नोंदवहींतून काढण्यांत आलें.

लेख मागें घेतां येतो. भीति तशी मागें घेतां येत नाहीं. महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०१८ मध्यें गोंवर-रुबेला लसीची मोहीम निघाली, तेव्हां अफवाही तिच्याबरोबर चालल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीच्या दाट वस्तींत गोंवराची साथ उठली. तेथें अनेक मुलांचें लसीकरण अपुरें राहिलें होतें, आणि कित्येक लेकरें दगावलीं. स्वमग्न मूल दगावत नाहीं. त्यास समजुतीची, शिक्षणाची व धीराची गरज असते. त्याच्या आईस लस दिल्याचा अपराध चिकटविणें हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे. संशय घेणें हा मनुष्याचा अधिकार खरा. पण संशयाची तपासणी पुरी झाल्यावर तिचा निर्णय मानणें, हेंही त्याच अधिकाराचें दुसरें अंग होय.