वेषांतरित हेराचा पुरावा

पेशवे दफ्तरांतील बातमीपत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस हेराच्या कागदाची मातबरी सांगावयास नको. शत्रूच्या गोटांतून आलेली दोन ओळींची चिठी पुष्कळदां एखाद्या सबंध बखरीहून अधिक उपयोगी पडते. परंतु जेव्हां बातमीदार दुरून पाहणारा नसतो, ज्यांची बातमी काढावयाची त्यांच्यांपैकींच एक होऊन राहतो, त्यांच्या पंक्तीस जेवतो व त्यांचें चिन्ह अंगावर वागवितो, तेव्हां त्याच्या साक्षीची किंमत किती धरावी, हा प्रश्न सोपा राहत नाहीं. त्याच्या विचारासाठीं प्रस्तुत लेखांत आम्ही एक परदेशीय व अलीकडचें उदाहरण घेत आहों. अमेरिकेंतील मोटारसायकलस्वारांच्या हिंसक टोळ्यांत वेष पालटून शिरलेल्या सरकारी अंमलदारांचें तें आहे. विषय रस्त्यावरचा असला तरी त्यांतील मुद्दा दप्तरें धुंडाळणाऱ्यांच्या नित्य कामाचा आहे.

या टोळ्यांचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ‘हेल्स एंजल्स’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध टोळी १९४८ सालीं कॅलिफोर्नियांत निघाली. ‘मंगोल्स’ ही १९६९ सालीं त्याच संस्थानांतील माँटेबेलो येथें. हे लोक स्वतःस ‘एक टक्केवाले’ म्हणवितात. १९४७ सालच्या हॉलिस्टर गांवच्या दंग्यानंतर, शेंकडा नव्याण्णव स्वार कायद्यानें वागणारे आहेत, असें अमेरिकन मोटारसायकल मंडळानें जाहीर केलें आणि उरलेल्या एकाचें बिरुद टोळीवाल्यांनीं अभिमानानें धारण केलें, अशी कथा रूढ आहे. मौज अशी कीं, असें पत्रक काढल्याचा दाखला त्या मंडळास स्वतःच्याच दप्तरांत सांपडलेला नाहीं. ज्यांच्या बिरुदाची उत्पत्तीच विनादाखल्याची, त्यांच्याविषयींचा प्रत्येक कागद पारखून घेणें प्राप्त आहे.

टोळींत चिन्हाचें महत्त्व आपल्याकडील शिक्क्यामोर्तबाएवढें. जाकिटाच्या पाठीवर वर टोळीचें नांव, मध्यें आकृति व खालीं मुलुखाचें नांव. ‘कॅलिफोर्निया’ हे शब्द पाठीवर लावण्याचा हक्क कोणाचा, या वादांतून १९७७ सालीं या दोन टोळ्यांत खून पडले. नवख्यास प्रथम उमेदवारी करावी लागते. पडेल तें काम करून विश्वास संपादिल्यावरच पूर्ण चिन्ह मिळतें.

दारू, तंबाखू व बंदुका यांच्या बंदोबस्तासाठीं अमेरिकन सरकारचें एक खातें आहे. त्यांतील अंमलदार विल्यम क्वीन, जो पूर्वीं व्हिएतनामच्या युद्धांत लढला होता, तो १९९८ सालीं ‘बिली सेंट जॉन’ असें नांव घेऊन मंगोल टोळीच्या सॅन फर्नांडो खोऱ्यांतील शाखेंत शिरला. टोळीकडून चौकशी होणार हें जाणून खात्यानें त्याच्यासाठीं बनावट पूर्वायुष्य तयार केलें होतें. उमेदवारी संपवून तो पूर्ण सभासद झाला, व पुढें शाखेचा खजिनदारहि झाला. म्हणजे हेराच्याच हातीं टोळीचे हिशेब आले! अठ्ठावीस महिन्यांनंतर, मे २००० मध्यें, पन्नासांहून अधिक लोकांस अटक झाली. क्वीनचा आत्मवृत्तपर ग्रंथ २००५ सालीं प्रसिद्ध झाला.

या प्रकरणाचीं साधनें तीन प्रतींचीं आहेत. पहिलीं, अंगावर लपविलेल्या यंत्रानें टिपलेलीं संभाषणें आणि त्या त्या वेळीं खात्यास दिलेले अहवाल. दुसरीं, टोळीवाल्यांकडून विकत घेतलेल्या बंदुका व मादक द्रव्यें. या वस्तु ताम्रपटाप्रमाणें आपली साक्ष आपणच देतात. तिसरें, मागाहून लिहिलेला ग्रंथ. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत अस्सल पत्रें वर व बखरी खालीं अशी जी प्रतवारी लावून दिली, तीच येथें लागू पडते. ग्रंथ ही बखर. तिच्यांतील संवाद स्मरणानें व वाचकांवर दृष्टि ठेवून रचलेले.

तथापि बखर टाकाऊ नव्हे. हेरगिरी चालू असतां क्वीनची आई वारली. टोळीच्या लोकांनीं त्यास छातीशीं धरून सांत्वन केलें, स्वतःच्या खात्यांतून मात्र समाचाराचा शब्द आला नाहीं, असें तो लिहितो. ज्यांस तुरुंगांत पाठवावयाचें त्यांच्याविषयीं माया उत्पन्न झाली, हें मनोगत कोणत्याहि सरकारी अहवालांत उतरत नाहीं. साक्षीदाराचा कल कोणीकडे झुकत होता, हें कळण्यास बखरच पाहावी लागते.

दुसरें उदाहरण याहून नाजूक आहे. त्याच खात्याचा जे डोबिन्स हा अंमलदार २००२–०३ सालीं अॅरिझोनांत हेल्स एंजल्सच्या लोकांत वावरत होता. त्यांचा पूर्ण विश्वास बसावा म्हणून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मंगोल टोळीच्या एका माणसाचा खून केल्याचा बनाव रचला. एका जिवंत पोलिसास रक्त माखून प्रेतासारखें निजविलें, त्याचें छायाचित्र घेतलें, आणि मंगोलांचें चिन्ह असलेलें रक्ताळलेलें जाकीट पुरावा म्हणून टोळीवाल्यांस दाखविलें. आपणांस त्यामुळें सभासदत्व मिळालें असें डोबिन्स म्हणतो. टोळीवाले तें नाकारतात. २००३ च्या डिसेंबरांत खटले भरले गेले. परंतु पुराव्यावरून खातें व सरकारी वकील यांच्यांतच तंटा माजला, आणि २००६ सालीं गंभीर आरोप बव्हंशीं मागें घेण्यांत आले.

संग्राहकांनीं या छायाचित्राचा क्षणभर विचार करावा. तें जुळणी करून बनविलेलें नव्हे. स्थळ खरें, काळ खरा, रक्तहि खरें. खोटा तो फक्त खून. कागद व शाई पारखून नकली सनद पकडतां येते. परंतु समकालीन असूनहि हेतुपूर्वक खोटें असें साधन या कसोटीस पुरून उरतें. शंभर वर्षांनीं तें सोबतच्या अहवालावांचून एखाद्या संग्रहांत सुटें सांपडलें, तर न घडलेला खून इतिहासांत जमा होईल.

आणि जेथें यंत्र नव्हतें तेथें काय? पेनसिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणींत ‘मॉली मॅग्वायर्स’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आयरिश मजुरांच्या गुप्त मंडळींत जेम्स मॅकपार्लंड हा पिंकर्टनच्या खाजगी संस्थेचा हेर १८७३ च्या ऑक्टोबरांत ‘मॅकेना’ या नांवानें शिरला, व १८७६ च्या मार्चपर्यंत राहिला. त्यास नेमविणारा फ्रँकलिन गोवेन हा रेल्वे कंपनीचा अध्यक्ष, आणि कांहीं खटल्यांत फिर्यादी पक्षाचा वकीलहि तोच. मॅकपार्लंडच्या व माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर मुख्य भिस्त ठेवून १८७७ ते १८७९ या काळांत वीस माणसें फांसावर चढलीं. पैकीं दहा २१ जून १८७७ या एकाच दिवशीं. १८७८ सालीं फांशी गेलेल्या जॅक किहो यास राज्याच्या गव्हर्नरानें १९७९ सालीं, म्हणजे शतकानंतर, मरणोत्तर माफी दिली. पिंकर्टनच्या नांवें १८७७ सालीं निघालेल्या ग्रंथांत हेराचा पराक्रम वर्णिला आहे. परंतु १० डिसेंबर १८७५ च्या रात्रीं तोंडें झांकलेल्या लोकांनीं विगन्स पॅच येथील एका घरावर हल्ला करून एक पुरुष व एक स्त्री यांस ठार केलें, तेव्हां आपण पुरविलेली बातमीच याच्या मुळाशीं आहे अशा समजुतीनें संतापून हेरानें वरिष्ठांस नोकरी सोडण्याचें लिहून कळविलें. पराक्रमाची कथा बखरींत व मनस्ताप अस्सल पत्रांत, असा हा भेद आहे.

यावरून आमच्या मतें तीन गोष्टी निष्पन्न होतात. वेषांतरित हेराचा त्या दिवशींचा कागद व त्याची मागाहूनची कथा यांची सरमिसळ करूं नये. त्याचा पगार कोण देत होता, हें प्रथम पाहावें. मॅकपार्लंडचा धनीच फिर्यादीच्या बाजूस उभा होता, हें विसरून त्याची साक्ष वाचतां येणार नाहीं. आणि हेराचीं साधनें कधींहि सुटीं करूं नयेत. छायाचित्र, अहवाल व जबानी हीं एकाच पुडक्यांत राहिलीं पाहिजेत. शोभिवंत तेवढें काढून बाकीचें रद्दींत घालणारा संग्राहक केवळ कागद गमावीत नाहीं. ज्या माणसांचा न्याय त्या कागदांवर झाला, त्यांच्या फेरविचाराची वाटहि तो बंद करून टाकतो.