नदीपलीकडे आणलेले देव

अंत्रुज महालातील कोणत्याही मोठ्या देवस्थानाच्या सभामंडपात उभे राहिले की दीपमाळ, तळी, अग्रशाळा हे सारे अनादि काळापासून असेच असावे असा भास होतो. वास्तविक, देव घेऊन जे प्रथम येथे आले त्यांच्यापैकी एकाच्याही दृष्टीस हे वैभव पडले नाही. ‘पुढे कसे होणार?’ हा प्रश्न हल्ली महाजनांच्या बैठकीत या ना त्या रूपाने निघतोच. अशा वेळी त्या पिढीकडे जरा निरखून पाहणे अगत्याचे वाटते.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ मध्ये राशोलच्या कप्तानाने साष्टीतील अडीचशेहून अधिक देवळे जमीनदोस्त केली. त्याच धामधुमीच्या काळात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. जुवारीपलीकडचा हा महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या अंमलाखाली होता. एका परधर्मीय सत्तेपासून देव राखण्यासाठी दुसऱ्या परधर्मीय राजाच्या मुलखात आश्रय घ्यावा लागला, ही गोष्ट आपण फारशी बोलून दाखवीत नाही. ती सांगितली पाहिजे. कोणता तीर अधिक निर्धोक हे पारखण्याइतके भान त्या संकटातही आपल्या पूर्वजांना होते.

बरोबर नेता आले ते थोडेच. जमिनी मागे राहिल्या व देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. घरे, कुळागरे, गावकरीचे हक्क सुटले. कित्येक भाऊबंद धर्मांतर करून तेथेच राहिले. कोणत्या कुळाची सेवा कोणत्या दिवशी, पालखीस खांदा कोणाचा, एवढी घडी मात्र मनात जपता येण्याजोगी होती. नव्या ठिकाणी पाय टेकले तेही तेथील ग्रामस्थांनी सामावून घेतले म्हणून. बांदिवड्याचा नागेश मूळचा तिथलाच. त्याच्या देवालयातील शिलालेख १४१३ सालचा आहे. त्याच्या शेजारी आपले देव पाहुणे म्हणून आले.

भव्य मंदिरे फार उशिराची. कवळ्याचे आजचे मंदिर छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत, नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने, १७३८ च्या सुमारास पुरे झाले. म्हणजे मध्ये जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, सहा-सात पिढ्या लोटल्या. त्या अवधीत फोंडे एका हाती कधी राहिले नाही. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतले. १६८३ मध्ये पोर्तुगीजांनी घातलेला वेढा संभाजी महाराजांनी उठवून लावला. पुढे तेथे सोंदेकरांचा अंमल आला. आणि १७६३ मध्ये, जिला चुकवून देव नदीपार आणले होते, त्याच सत्तेच्या हाती हा महाल गेला! परंतु तोवर काळ पालटला होता. देवालयांना उपद्रव देणार नाही असे वचन या वेळी त्या सत्तेने दिले. उद्या राज्य कोणाचे, हे त्या सहा-सात पिढ्यांपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. तरी नित्य पूजेची वेळ तीच राहिली.

महाजनकीचे नियम कागदावर बांधले गेले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, १८८६ च्या व मग १९३३ च्या नियमावलीने. आज नोंदवहीत नावे आहेत, पण माणसे मुंबई-पुण्याकडे, परदेशी विखुरलेली; जत्रेस येणारे मोजके. नोंदवहीत मुलींना स्थान असावे की नसावे, असा विषय निघाला की ‘परंपरा’ हा एकच शब्द उच्चारून चर्चा थांबवणारेही भेटतात. ज्यांनी देवाचे ठिकाणच बदलले त्या पूर्वजांची साक्ष त्यांनी या कामी काढू नये, असे मला नम्रपणे वाटते.

कुंकळ्ळीची कथा याहून निराळी. १५ जुलै १५८३ रोजी तेथील गावकऱ्यांनी शस्त्र उचलले व पाच जेझुइट पाद्री मारले गेले. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ग्रामप्रमुखांना ठार करण्यात आले. देवी शांतादुर्गा फातर्प्यास नेण्यात आली. पण दर वर्षी फाल्गुनात तिची पालखी मूळ गावी परत येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्याबरोबर निघतात, आणि त्या मिरवणुकीत चारशे वर्षांपूर्वी धर्म बदललेल्या घराण्यांची माणसेही असतात.