समुद्रतळावरील पहिले व्यक्तिचित्र : एका क्षणासाठी सहा वर्षे

(१/१७)
समुद्राच्या तळाशी एक माणूस आहे. डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण, अंगात जाड पोशाख, हातात एक फलक. फलकावर फ्रेंच भाषेत लिहिले आहे, ‘पाण्याखालील छायाचित्रण’. शिरस्त्राणाच्या गोल काचेआडचा चेहरा ओळखता येत नाही. तरीही पाण्याखाली घेतलेले जगातील पहिले व्यक्तिचित्र म्हणून सामान्यतः याच छायाचित्राचा उल्लेख होतो. त्याचे साल १८९९ असे दिले जाते. छायाचित्रकार फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ. फलक धरणारा रुमानियन जीवशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा.

(२/१७)
आता काही सने शेजारी ठेवून पाहू. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. पाण्याखाली पहिला कॅमेरा उतरला १८५६ मध्ये. स्वतः बुताँने समुद्रतळाची पहिली छायाचित्रे घेतली १८९३ मध्ये. मग माणसाच्या चित्राला १८९९ का उजाडावे लागले? कॅमेरा होता, पाणबुड्याचा पोशाख होता, समुद्र तर होताच. नव्हता तो केवळ एक क्षण. तो क्षण मिळवण्याची तयारी हाच या धाग्याचा विषय आहे.

(३/१७)
ही अडचण आधी जमिनीवरही आली होती. १८३८ च्या सुमारास दागेरने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यात वाहने नाहीत, गर्दी नाही. सारा रस्ता ओस दिसतो. प्लेटवर प्रकाश कित्येक मिनिटे पडू द्यावा लागे, आणि तेवढ्या वेळात हलणारे सर्व काही पुसले जाई. उमटला तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. पुढे व्यक्तिचित्रे घेताना मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावण्याची पद्धत पडली, ती याच कारणाने.

(४/१७)
पाण्याखालील पहिला प्रयत्न इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात झाला. विल्यम थॉम्पसन या वकिलाने १८५६ मध्ये कॅमेरा पेटीत बंद करून नावेतून सुमारे साडेपाच मीटर खोल सोडला. तो स्वतः मात्र नावेतच राहिला. सुमारे दहा मिनिटे झडप उघडी होती. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर वाळू, खडक आणि शेवाळ यांची पुसट प्रतिमा वाचली. त्या काळी प्लेटवरील रासायनिक लेप ओला असेतोवरच चित्र घ्यावे लागे. त्यामुळे तळाशी जाऊन निवांत मांडामांड करण्याची सोय नव्हती. १८७१ नंतर जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्या आणि ही घाई संपली.

(५/१७)
आता फ्रान्सच्या दक्षिण टोकाला जाऊ. पिरेनीज पर्वत जेथे भूमध्य समुद्राला भिडतो, तेथे स्पेनच्या सीमेजवळ बान्यूल्स-सुर-मेर हे बंदराचे गाव आहे. १८८० च्या दशकाच्या आरंभी आँरी द लाकाझ-द्युतिए या प्राणिशास्त्रज्ञाने येथे आरागो प्रयोगशाळा उभारली. १८५९ मध्ये जन्मलेला बुताँ येथे काम करी. त्याचा अभ्यास मृदुकाय प्राण्यांचा, म्हणजे शंख-शिंपल्यांतील जीवांचा. त्यांना त्यांच्या घरी पाहण्यासाठी तो पाणबुड्याचा पोशाख घालून तळावर उतरू लागला. तेथील दृश्यांनी तो असा भारावला की ती वर घेऊन येण्याचा ध्यास त्याला लागला.

(६/१७)
तयारीचा पहिला टप्पा म्हणजे पेटी. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. साध्या पेटीत पाणी कुठून तरी शिरणारच. बुताँचा भाऊ ओग्यूस्त अभियंता होता. त्याने धातूची जलाभेद्य पेटी तयार केली आणि तिला हवा भरलेला रबरी फुगा जोडला. जसजशी पेटी खाली जाई, तसतसे पाणी फुग्याला दाबी आणि फुग्यातील हवा पेटीत शिरे. आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर वाढत गेल्याने पाण्याला आत घुसण्याचे कारणच उरत नसे. युक्ती साधी होती आणि सर्व पुढचे काम तिच्यावर उभे राहिले.

(७/१७)
दुसरा टप्पा म्हणजे स्वतः खाली जाणे. जाड जलाभेद्य पोशाख, धातूचे शिरस्त्राण, छातीवर-पाठीवर वजने आणि शिशाच्या तळांचे बूट. हा साज एकट्याने चढवता येत नाही, मदतनीस लागतात. श्वासाची हवा नावेवरील हातपंपातून नळीने येते. पंप थांबला, तर श्वास थांबतो. बोलणे शक्य नसते. दोरीला दिलेले ठरावीक हिसके हीच भाषा. छायाचित्रकाराला एरवी फार तर प्लेट बिघडण्याची धास्ती असते. येथे तळावर उतरलेल्याचा जीव वर पंप फिरवणाऱ्यांच्या हाती होता.

(८/१७)
१८९३ मधील ही पहिली छायाचित्रे सूर्यप्रकाशातच घेतली गेली. पण एका चित्रासाठी झडप कधीकधी अर्ध्या तासापर्यंत उघडी ठेवावी लागे. अर्धा तास कॅमेरा तळावर निश्चल हवा, वरून जाणाऱ्या लाटेने तो डळमळता कामा नये, पायाने गाळ ढवळता कामा नये. एवढे करून हाती काय येई? खडक, वाळू, वनस्पती. मासे येत, जात आणि प्लेटवर त्यांचा मागमूसही राहत नसे. पॅरिसच्या त्या ओस रस्त्याची कथा समुद्राच्या तळाशी पुन्हा घडत होती.

(९/१७)
अर्धा तास लागण्याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी प्रकाश गिळते आणि तोही सारखा गिळत नाही. तांबडा आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा. खोल जावे तसा निळा-हिरवा उरतो. तारकर्लीच्या समुद्रात पाण्याखाली काढलेले फोटो निळसर-हिरवट येतात ते याचमुळे. त्यात पाण्यात तरंगणारे कण प्रकाश विखुरतात. म्हणजे बुताँला क्षण हवा असेल, तर सूर्यावर विसंबून चालणार नव्हते. उजेड सोबत न्यायचा होता.

(१०/१७)
त्या काळी झगमगीत उजेडासाठी मॅग्नेशियम जाळत. पण जळायला प्राणवायू लागतो आणि पाण्यात ज्योत टिकत नाही. शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने तोडगा काढला. काचेच्या बंद पात्रात प्राणवायू भरायचा, आत मॅग्नेशियमची तार ठेवायची आणि विजेच्या प्रवाहाने ती पेटवायची. पुढे जगभर वापरल्या गेलेल्या फ्लॅश-बल्बचा हा पूर्वज मानला जातो. परंतु ज्वलन सम होत नसे, धुराने काच आतून काळवंडे आणि कधी पात्रच फुटे. तळाशी असलेल्या माणसाच्या हाताशी हे साधन भरवशाचे नव्हते.

(११/१७)
मग प्रयोगशाळेचा यंत्रज्ञ जोझेफ दाविद याच्या साहाय्याने दुसरे यंत्र तयार झाले. सुमारे २०० लिटरचे एक लाकडी पिंप प्राणवायूयुक्त हवेने भरले. पिंपावर स्पिरिटचा दिवा आणि दिव्यावर काचेची हंडी. दिव्याला लागणारी हवा पिंपातून मिळे. रबरी फुगा दाबला की मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडे आणि हंडी क्षणभर लखलखे. समुद्राच्या तळाशी एक जळता दिवा नेऊन ठेवण्याची ही किमया होती.

(१२/१७)
या किमयेची किंमतही मोठी होती. हवेने भरलेले पिंप बुडायला तयार नसते. त्याला तळाशी धरून ठेवण्यासाठी अवजड वजने बांधावी लागत. ती नावेत चढवायची, यारीने सोडायची, पुन्हा वर काढायची. समुद्र शांत हवा, पाणी नितळ हवे, पंपावरची माणसे ताजीतवानी हवीत. एका प्लेटसाठी एवढा लवाजमा लागत असे. तंत्राच्या इतिहासात शोधाचे वर्ष ठळक छापले जाते. असे नाव लोटण्याचे आणि परत आणण्याचे दिवस सहसा कोठे नोंदले जात नाहीत.

(१३/१७)
बुताँ थांबला नाही. कॅमेरे बदलले, भिंगे सुधारली, झडप जलद केली. १८९८ मध्ये त्याने पाण्याखालील क्षणचित्रांवर, म्हणजे निमिषभरात घेतलेल्या छायाचित्रांवर, लेख प्रसिद्ध केला. अर्ध्या तासापासून निमिषापर्यंतचा हा प्रवास पाच वर्षांचा. आता हलते मासे प्लेटवर उमटू शकत होते. आणि मासा उमटतो, तर माणूसही उमटणार.

(१४/१७)
समोर उभा राहणारा माणूसही तयारीचा लागतो. राकोवित्सा हा लाकाझ-द्युतिए यांच्याच परंपरेतला, बान्यूल्सच्या समुद्राशी परिचित. ‘बेल्जिका’ या जहाजावरून तो अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेला होता. बर्फात अडकून पडलेले ते जहाज अंटार्क्टिक हिवाळा तेथेच काढून १८९९ मध्ये सुटले. अशा माणसाला शिरस्त्राणाच्या आत शांत कसे राहावे हे शिकवावे लागत नाही. शिवाय पाण्याखाली ‘जरा डावीकडे’ असे सांगता येत नाही. कोठे थांबायचे, फलक कसा धरायचा, हे सारे वरच ठरवून खाली जावे लागते.

(१५/१७)
आणि तो फलक? जमिनीवरील व्यक्तिचित्रात चेहरा स्वतःच ओळख देतो. येथे चेहरा धातू आणि काच यांच्या आड गेला. उरली ती अक्षरे. माझ्या मते हा फलक दोन कामे करतो. चित्र कशाचे आहे ते सांगतो, आणि अक्षरे वाचता येतात याचा अर्थ चित्र पुरेसे स्पष्ट आहे, याची साक्षही देतो. शास्त्रज्ञाला शोभेल असाच हा पुरावा आहे.

(१६/१७)
त्याच सुमारास बुताँने विजेचे दिवे खाली सोडून रात्री, सुमारे ५० मीटर खोलीवरही छायाचित्रे घेतली. १९०० मध्ये पॅरिसमध्ये त्याचा पाण्याखालील छायाचित्रणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण एवढा लवाजमा कोण बाळगणार? १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हाही उजेडासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमचीच पूड पेटवावी लागली होती. राकोवित्सा मात्र समुद्राकडून गुहांकडे वळला आणि १९२० मध्ये त्याने क्लुज येथे गुहाविज्ञानाची जगातील पहिली संस्था स्थापन केली.

(१७/१७)
‘जगातील पहिले’ असे वाचले की आपण एक नाव आणि एक तारीख लक्षात ठेवतो. या छायाचित्रापुरते तरी आणखी काही ध्यानात ठेवावे. फुगा जोडणारा ओग्यूस्त, काचेत वीज खेळवणारा शोफूर, पिंपावर दिवा बसवणारा दाविद, आणि ज्यांची नावे कोणी विचारली नाहीत ते पंपावरचे हात. चित्रात एकच माणूस दिसतो. त्याला तेथे श्वास घेता यावा आणि तो आपल्याला दिसावा, यासाठी चौकटीबाहेर एक अख्खी नाव राबत होती. पुढच्या वेळी एखादे जुने छायाचित्र समोर आले, तर एक प्रश्न अवश्य विचारा : हे घेताना चौकटीबाहेर कोण कोण होते?